उघड्या मैदानात चौदा गिटारी



गेल्या महिन्यात दोन पत्रे आली. एक कोरेगाव तालुक्यातल्या एका ताईंचे. शाळेच्या संमेलनात कुणीतरी गिटार वाजवली, तेव्हापासून त्यांच्या मुलीने तोच ध्यास घेतला आहे. घेऊन द्यावी की नको, आणि द्यायची तर कसली द्यावी, असे त्या विचारतात. दुसरे पत्र एका आजोबांचे. त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले आहे, "बाई, तुम्ही तिकडच्या शेतीचे लिहिता ते आम्ही आवडीने वाचतो. पण तुम्ही म्हणे चारचौघांत बसून गिटार वाजवता. आपल्यातल्या बाईमाणसाला हे कसे सुचले ते एकदा लिहा." यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मला नीटसे कळले नाही. तरी दोन्ही पत्रांचे उत्तर आज एकदमच देते.

आमच्या माण तालुक्यातल्या गावी मारुतीच्या देवळात दर शनिवारी भजन असे. वडील पखवाज वाजवीत. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ताजी कणीक लावावी लागते, ती मळून द्यायचे काम माझे. म्हणजे कणकेपुरताच माझा हात त्या वाद्याला लागे. नऊ-दहा वर्षांची असेन. एकदा भजनाआधी देवळात कुणी नाही असे पाहून मी पखवाजावर चांगल्या चार थापा मारल्या. आवाज वेशीपर्यंत गेला असावा. वडील काही बोलले नाहीत. पण आईने दंडाला धरून घरी आणले आणि पोरीच्या जातीने काय करावे, काय करू नये, याची उजळणी घेतली. तेव्हापासून मी भजनाला पायरीवर बसत असे आणि गुडघ्यावर बोटांनी ठेका धरत असे. गुडघ्याला कुणाची मनाई नव्हती.

पुढे लग्न झाले, ह्यांच्या नोकरीमागे अमेरिकेला आले. तुम्हांला ठाऊकच आहे, मी आयोवा राज्यात एका बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. २०१८ साली इथल्या सार्वजनिक वाचनालयात फळ्यावर एक कागद लावलेला दिसला : प्रौढांसाठी गिटारचा वर्ग, दर मंगळवारी संध्याकाळी, वयाची अट नाही. मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची. त्या 'वयाची अट नाही'वर माझी नजर अडकली. घरी ह्यांना सांगितले, मुलांना सांगितले. आईला मात्र सांगितले नाही. पाच वर्षे सांगितले नाही.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येते. गिटारीचे प्रकार पुष्कळ. सिनेमाच्या गाण्यांतून खणखणीत वाजते ती बहुधा पोलादी तारांची किंवा विजेवरची असते. आम्ही वाजवतो ती शास्त्रीय गिटार, मूळची स्पेनची. तिची आजची घडण अंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने एकोणिसाव्या शतकात बसवली. तिला सहा तारा. पूर्वी त्या जनावरांच्या आतड्यांच्या असत. दुसऱ्या महायुद्धात तसली तात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी जाऊ लागली, वादकांना मिळेना. तेव्हा न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टिन या गिटार बनवणाऱ्याने नायलॉनची तार करून पाहिली आणि आंद्रेस सेगोव्हिया या नामवंत वादकाने ती उचलून धरली. सेगोव्हिया १९८७ साली वारले, पण आज जगभर शास्त्रीय गिटारीला नायलॉनच्याच तारा असतात. वरच्या तीन नुसत्या नायलॉनच्या, खर्जाच्या तीन नायलॉनच्या धाग्यांवर बारीक धातूची तार गुंडाळलेल्या. मुलीच्या कोवळ्या बोटांना ह्याच बऱ्या. लहान मुलांसाठी अर्ध्या आणि पाऊण मापाच्याही मिळतात. डाव्या हाताच्या बोटांना पहिले काही आठवडे दुखेल. मग खुरप्याने पडतात तसे घट्टे पडतात आणि दुखणे थांबते.

आणि एक गोष्ट सांगितली तर आजोबांनाही बरे वाटेल. या गिटारीची पाठ आणि कडा पुष्कळदा आपल्या शिसवीच्या असतात. पूर्वी चांगल्या गिटारींना ब्राझीलची शिसव वापरीत. ती बेसुमार तुटली, आणि १९९२ सालापासून तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आली. त्याच्या कितीतरी आधीपासून कारागीर हिंदुस्थानच्या शिसवीकडे वळले होते. आपल्या पश्चिम घाटात, कर्नाटक-केरळकडे वाढणारी हीच ती शिसव, जिचे पाट आणि पलंग आपल्या आजीच्या घरी होते. माझ्या गिटारीची पाठ तिचीच आहे. पहिल्या दिवशी मी ती उलटी करून पाहिली तर तोच काळसर जांभळा रंग, त्याच रेघा. त्या दिवसापासून ते वाद्य मला परके वाटले नाही.

वर्गातून पुढे आमचा एक मेळ तयार झाला. चौदा जणांचा. त्यात एक दातांचा डॉक्टर, एक ट्रकवाला, दोन शाळामास्तरणी, कॉलेजातली चार पोरे, एक डुकरे पाळणारा शेतकरी, आणखी असेच कोणी कोणी, आणि मी. शिकवणाऱ्या बाई म्हणजे एका शाळेतून निवृत्त झालेल्या संगीतशिक्षिका. दिसायला मऊ, पण तालाच्या बाबतीत पोलीस पाटील.

इथल्या लहान लहान गावांतून उन्हाळ्यात संध्याकाळी बागेत फुकट संगीत ऐकवण्याची जुनी चाल आहे. १९२१ साली आयोवा राज्याने कायदाच केला, की गावकऱ्यांनी मतदान करून मान्यता दिली तर गावच्या बँडसाठी थोडासा कर बसवता येईल. आपल्याकडे घरपट्टीत भजनी मंडळाची पट्टी लावायची म्हटली तर ग्रामसभेत काय होईल, ते मी डोळ्यांसमोर आणून पाहते आणि एकटीच हसते. या कायद्याचे इतके अप्रूप झाले, की कार्ल किंग नावाच्या तिथल्या बँडमास्तराने 'आयोवा बँड लॉ' याच नावाची एक कवायतीची चाल रचली. कायद्याच्या नावाची चाल मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही. तर अशा बागांतून शिंपल्यासारखा अर्धगोल बांधलेला मंच असतो. पुढे हिरवळीवर लोक घडीच्या खुर्च्या आणि गोधड्या घेऊन येतात. २०२३ सालच्या जुलैत असल्याच एका मंचावर आमच्या मेळाला एक गुरुवार मिळाला.

बंद खोलीत वाजवणे निराळे आणि उघड्यावर निराळे. सनई, व्हायोलिन, पेटी यांचा स्वर लांबवता येतो. एखादा जरा मागेपुढे झाला तरी खपून जातो. गिटारीची तार छेडली की तिचा स्वर त्याच क्षणापासून विरू लागतो. म्हणून चौदा जणांची बोटे एकाच क्षणी पडली पाहिजेत. नाही पडली तर पत्र्यावर मूठभर हरभरे फेकल्यासारखे वाजते. पहिले वर्षभर आम्ही हरभरेच फेकत होतो. खोलीत निदान भिंतींवरून आवाज परत येतो, शेजाऱ्याचे कळते. उघड्यावर आवाज जातो तो जातोच. तिसऱ्या खुर्चीवरचा काय वाजवतो ते ऐकू येत नाही. मग कानांचे काम डोळ्यांनी करायचे. बाईंच्या हातावर नजर आणि शेजाऱ्याच्या अंगठ्यावर नजर.

त्यात तो उन्हाळा कोरडा होता. राज्यात बऱ्याच भागांत अवर्षण होते. मक्याला तुरा येण्याची वेळ म्हणजे जुलैचा मध्य, आणि त्याच वेळी पाणी कमी पडले तर कणसात दाणा भरत नाही, हे तुम्हांला मी सांगायला नको. इकडे आमच्या माणातही तेव्हा तीच रड. मान्सून उशिरा आला होता आणि आमच्या शिवारात जुलै अर्धा होत आला तरी पेरणीजोगा पाऊस नव्हता. वहिनी फोनवर रोज तेच सांगे. त्याच बोलण्याच्या भरात मी एकदा म्हणून गेले, "गुरुवारी फोन करू नको, माझा कार्यक्रम आहे." झाले. वहिनीने पोटात काही ठेवले नाही. कार्यक्रम कसला, कुठे, काय वाजवणार, सगळे तिने काढून घेतले आणि आईला सांगितले. आमचे संध्याकाळचे सात म्हणजे तुमचे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच. आई म्हणाली, लावा मग फोन, बघू काय करते ती.

म्हणजे बागेतल्या अडीचशे-तीनशे माणसांची मला भीती नव्हती. त्यांतल्या कुणी मला दंडाला धरून घरी आणलेले नव्हते.

जुलैत तिकडे सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो. सात वाजता तो समोरून मंचावर येत होता आणि गिटारी तापत होत्या. ऊन लागले की तार सैलावते, स्वर उतरतो. वाऱ्याची गार झुळूक आली की पुन्हा चढतो. बाईंनी आधीच बजावले होते, की गिटार बंद मोटारीत ठेवायची नाही. आतल्या उष्म्याने सांध्यांचा सरस सुटतो. दुसरी ताकीद डासांची. डास मारायचे औषध अंगाला लावा, हातांना लावू नका, कारण त्याने गिटारीचे पॉलिश विरघळते. डासांनाही ही गोष्ट कोणी सांगितली असावी. ते नेमके मनगटावर बसत आणि दोन्ही हात गुंतलेले. तिसरी तयारी माझी स्वतःची : घरून कपडे वाळत घालायचे डझनभर चिमटे नेले होते. स्वरलिपीचे कागद वाऱ्याने उडतात म्हणून. त्या दिवशी मेळात माझ्या वाजवण्यापेक्षा माझ्या चिमट्यांना जास्त मागणी होती.

तारा जुळवून झाल्या, बाईंनी हात उचलला, आणि गावाबाहेरून मालगाडी आली. आयोवातल्या मालगाड्या लांबलचक असतात. बाई हात वर धरून तशाच उभ्या. माणसे हसायला लागली. मी डबे मोजत होते. साठापर्यंत मोजले आणि सोडून दिले. आमचे हे समोर दुसऱ्या रांगेत फोन उंच धरून बसले होते. म्हणजे माझ्या आईने गिटारीआधी आगगाडी ऐकली.

पहिली रचना योहान पाखेलबेल या जर्मन संगीतकाराची. हे गृहस्थ १६५३ साली जन्मले, १७०६ साली गेले. त्यांची ही चाल तिकडे लग्नांतून इतकी वाजते, की आपल्याकडच्या मंगलाष्टकांसारखी सगळ्यांच्या कानात असते. मूळ तीन व्हायोलिनांसाठी आहे. एकाने सूर धरला की थोड्या वेळाने दुसरा तोच धरतो, मग तिसरा. आणि खाली खर्जात आठ स्वर असतात. तेच आठ, त्याच क्रमाने, अठ्ठावीस वेळा. ते आठ स्वर आमच्याकडे होते : माझ्याकडे, डुक्करवाल्या शेतकऱ्याकडे आणि एका कॉलेजच्या पोराकडे. सोपे काम म्हणून मला दिले होते. मंडळी, तेच काम अठ्ठावीस वेळा न चुकता करणे सोपे आहे असे ज्याला वाटते, त्याने कधी मिरचीची रोपे लावलेली नाहीत.

या चालीसाठी सर्वांत जाड, सहावी तार नेहमीपेक्षा एक स्वर खाली उतरवावी लागते. ताणलेली तार अशी ढिली केली की ती गुपचूप पुन्हा वर चढू पाहते. घरी मी ती दोन-तीनदा ओढून, जुळवून ठेवीत असे. त्या दिवशी मालगाडीच्या गडबडीत ते राहिले. आठव्या की नवव्या फेरीला माझ्याच कानाला खटकले. माझा खर्ज बाकी दोघांच्या वर गेला होता. थोडासाच, पण भाकरीत खडा लागावा तसा.

आता वाजवता वाजवता खुंटी पिळायची सोय नाही. मी ती तार सोडून दिली आणि तोच स्वर चौथ्या तारेवर वरच्या सप्तकात घेऊ लागले. बुद्धी चालली म्हणून मनात खूश झाले, आणि त्या खुशीत मोजणी विसरले. आठांतला कितवा स्वर ते कळेना. कागदावर पाहावे तर सगळीकडे तेच आठ. कानांनी ओळखावे तर वरच्या सुरांच्या गलक्यात शेजाऱ्याचा खर्ज पोचत नव्हता. समोर फोन. फोनच्या पलीकडे आई.

मी दोन्ही हात तारांवर ठेवून थांबले.

वडील भजनात नवीन पोरांना सांगत, टाळ चुकला की मिटून धर, दाबून वाजवू नकोस, समेवर परत ये. पायरीवर बसून मी ते ऐकलेले होते. मला कोणी सांगितले नव्हते. मी मिटून धरला. शेतकऱ्याच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. डुकरे हाकून हाकून फुगलेला तो जाड अंगठा एकदा खालच्या तारेवर पडला, तो पहिला स्वर असे धरले; पुढच्या फेरीला पडताळून पाहिले; तिच्या पुढच्या फेरीला पुन्हा पडताळले, कारण धीर होत नव्हता. चौथ्या फेरीला मी त्याच्याबरोबर आत शिरले. लोकांना काही कळले नाही. त्या शेतकऱ्याला कळले. चाल संपल्यावर टाळ्या चालू असताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मधे जरा जेवून आलात वाटतं."

मधल्या दोन-तीन लहान चालींचे काही सांगण्यासारखे नाही, बऱ्या झाल्या. शेवटची रचना लेओ ब्राउवर यांची. हे क्यूबाचे, १९३९ साली हवाना शहरात जन्मलेले. त्यांनी १९८४ साली गिटारींसाठी एक रचना केली, तिचे नाव पावसातला क्यूबाचा देखावा अशा अर्थाचे आहे. तिच्यात गाण्यासारखी चाल जवळजवळ नाही. आधी एखाद्याच गिटारीचा सुटा, कोरडा स्वर. मग दुसरीकडून एक. मग इकडून दोन, तिकडून तीन. प्रत्येकाचे थेंब निराळ्या वेळी पडतात, आणि मघाशी जे एका क्षणी पडायला आम्ही जिवाचे रान करतो तेच इथे मुद्दाम मागेपुढे पडायचे असते. हळूहळू दाटत जाते, आणि एक वेळ अशी येते की सगळ्या गिटारींवर पाऊस कोसळतो. तार चिमटीत ओढून अशी सोडायची की ती लाकडावर फटकन आपटते. ते टपोरे थेंब. बाई सरावात म्हणत, मोजणी पाहिजे, पण ऐकणाऱ्याला ती दिसता कामा नये.

आकाश निरभ्र होते. दोन महिने ज्यांनी ढगांकडे डोळे लावले होते अशी माणसे समोर बसलेली, आणि आम्ही त्यांच्यापुढे लाकडावर पाऊस वाजवत होतो. मला मधेच वाटून गेले, ही थट्टा तर वाटणार नाही ना? पण हिरवळीवरची कुजबूज थांबली. पोरे आइस्क्रीम खायची थांबली. झाडांवर रोज कर्कश ओरडणारे किडे तेवढे ओरडत होते, आणि तेही त्या पावसात बरे वाटले. शेवटचा स्वर विरला तरी टाळ्यांना थोडा वेळ लागला. नंतर खुर्च्या आवरताना एक म्हातारा शेतकरी मंचापाशी आला. तिकडे बहुतेक शेतकऱ्यांच्या कुंपणाला पाऊस मोजायची काचेची नळी असते. तो म्हणाला, "पाऊस छान झाला. घरी जाऊन नळी बघतो." आणि टोपीला हात लावून गेला.

घरी आल्यावर वहिनीचा फोन. ती सांगत होती आणि हसत होती. पाखेलबेल चालू असताना आई म्हणाली होती, "तेच तेच किती घोळवतात गं," आणि चहा ठेवायला चुलीपाशी गेली. फोन इकडे ओसरीवर. मग ब्राउवरचे थेंब सुरू झाले. फोनमधून ते पत्र्यावर पडल्यासारखेच ऐकू येत असणार. आई चुलीपासूनच ओरडली, "अरे, पत्र्यावर वाजायला लागलं, सरपण झाका!" आणि भाचा अर्धवट झोपेत धावत अंगणात गेला, प्लास्टिकचा कागद घेऊन. वर आभाळ मोकळे होते.

मी म्हटले, आई रागावली असेल. वहिनी म्हणाली, घे, तिच्याशीच बोल.

आईने मालगाडीचे विचारले. मग, मी कुठली ते दिसले नाही, सगळ्या गिटारी सारख्याच दिसत होत्या, म्हणाली. मधे मी चार फेऱ्या गप्प होते हे मी तिला सांगितले नाही. आज तिला कोणी हे वाचून दाखवले तर कळेल. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यासाठी उजव्या हाताची नखं वाढवावी लागतात म्हणे. वहिनी सांगत होती. मग भाकरी कशी थापतेस?"

मी म्हटले, "तळहातानं थापते. नखांचा काय संबंध?"

"हां, मग वाजव," ती म्हणाली, आणि पाण्याला उशीर होतो म्हणून फोन वहिनीकडे दिला.

कोरेगावच्या ताईंना एक सांगायचे राहिले. गिटार चुलीच्या धगीपाशी किंवा पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवू नये. पिशवीत घालून आतल्या भिंतीला खुंटीवर अडकवावी. आणि घेतली तर मला जरूर कळवावे.